मुका खांब

वर्तुळ ही विश्वातली एकमेव प्रामाणिक आकृती आहे. चौकोनाला कोपरे असतात आणि कोपऱ्यात काहीही दडवता येतं. त्रिकोण तर जन्मतःच टोचरा. वर्तुळाला मात्र कोपरा नाही, आडोसा नाही, पुढची बाजू नाही की पाठ नाही. जो माणूस स्वतःच्या हाताने एक पूर्ण वर्तुळ घडवतो, तो निदान तेवढा वेळ तरी सत्याच्या केंद्रापाशी बसलेला असतो.

हा सिद्धांत मी जेवणाच्या टेबलाशी मांडला तेव्हा बायकोने विचारलं, "पायपुसण्याबद्दल चाललंय ना?"

"गालिचा," मी म्हणालो.

"तेच ते. ताटातलं संपवा."

मी एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा मी दुकानाच्या दारातून ओळखायचो. इमारतीत मला काटेसाहेब म्हणतात. यातला काटा तराजूचा आहे असं मी धरून चालतो. बाकीचे काय धरून चालतात ते मी कधी तपासलं नाही. निवृत्तीनंतर उजव्या हाताचा अंगठा आखडायला लागला. बोटांना काम द्या, असं डॉक्टर म्हणाले. बायकोने लगेच भांड्यांकडे बोट दाखवलं, पण डॉक्टरांना अभिप्रेत असलेलं काम अधिक नाजूक असावं असं माझं मत पडलं, आणि मी क्रोशे शिकायला घेतलं.

जुन्या कपड्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडायच्या, टोकाला टोक जोडून त्यांचा चेंडू गुंडाळायचा आणि अंगठ्याएवढ्या जाड लाकडी सुईने गोल गोल विणत जायचं. त्यात मुख्य टाके दोन. एक खांब: उंच, ऐटबाज, मधून वारा खेळणारा. दुसरा मुका खांब: बुटका, घट्ट, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून गप्प उभा राहणारा. गालिच्याला सगळे मुके खांबच लागतात. हे नाव कुणी ठेवलं ते बायकोलाही ठाऊक नव्हतं, आणि शिकवलं मला तिनेच.

"याला मुका का म्हणायचं?"

"बोलत नाही म्हणून. तुम्हाला जमायचं नाही."

माझ्याविषयीचे तिचे अंदाज सहसा चुकत नाहीत. हा चुकला.

खरी गंमत वाढवण्यात असते. पहिल्या फेरीत आठ मुके खांब, दुसरीत सोळा, तिसरीत चोवीस. दर फेरीला बरोबर आठ वाढले पाहिजेत. कमी वाढवले तर कडा उचलते आणि गालिच्याची वाटी होते. जास्त वाढवले तर झालर सुटते. म्हणजे हे माझंच खातं झालं. मी तळमजल्यावरच्या फळ्यावर सूचना लावली: "इमारतीच्या हॉलसाठी सहा फुटी गोल गालिचा विणणे चालू आहे. घरातील जुने, स्वच्छ कपडे द्यावेत. बोचकी तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर ठेवावीत."

तिसऱ्या मजल्यावर दारं दोन आहेत. एक आमचं आणि एक समोरच्या गाणंवाल्या बाईंचं. कुठल्या दाराबाहेर, ते लिहायचं राहिलं. एकतीस वर्षं मी अशाच राहून गेलेल्या शब्दांबद्दल लोकांना धारेवर धरलं होतं.

बोचकी येऊ लागली. चादरी आल्या, पडदे आले, एका घरातून तर एकाच पायाचे अकरा मोजे आले. इमारतीच्या सेक्रेटरींनी ज्यांच्या इलॅस्टिकने राजीनामा दिला होता असे तीन पायजमे दिले. मी फाडत होतो, गुंडाळत होतो, विणत होतो. चार फेऱ्या पांढऱ्या चादरीच्या झाल्या आणि एका दुपारी, जेवणाच्या थोडं आधी, मी दार उघडलं तर दोन्ही दारांच्या मधे, झाडाच्या कुंडीला टेकून, एक बोचकं.

आत गाऊन होता. पायघोळ, घेरदार, डाळिंबी रंगाचा. गळ्याशी टाचणीने चिठ्ठी लावलेली. नाव नाही, गाव नाही, फक्त सुबक अक्षरात तीन शब्द: "उसवून मोठे करणे."

मला भरून आलं. इतक्या दिवसांत माझ्या कामाचं मर्म इतक्या थोडक्यात कुणी मांडलं नव्हतं. जुनं उसवायचं आणि त्यातून काहीतरी मोठं करायचं! हा दाता नुसता दाता नव्हता, जाणकार होता. शिवाय नाव न लिहिण्याइतका नम्र.

बायकोने गाऊन उजेडात धरला. "अहो, हा चांगला दिसतोय. कुणाचा ते विचारा तरी."

"धर्माच्या गाईचे दात मोजत नाहीत."

"दात नका मोजू. गाय कुणाची ते बघा."

पण कात्री माझ्या हातात होती. पहिला छेद दिला आणि पुढचं हातानेच फाडलं. चांगलं कापड फाटताना एक लांब, समाधानी आवाज येतो. तो आवाज ऐकताना मला वाटलं होतं, आत्ताच सांगून ठेवतो, थोडं वाटलं होतं की हा इतका नवा आवाज जुन्या कपड्याचा नाही. मी तो विचार पट्टीबरोबर गुंडाळून चेंडूत टाकला. सहा बटणं निघाली, कापड मढवलेली. ती एका डबीत ठेवली. पाचव्या फेरीपासून अठराव्या फेरीपर्यंत गालिचा डाळिंबी झाला. इतका देखणा, की पोस्टमनला, दूधवाल्याला मी दाराशी उभं करून दाखवत असे. नशीब एवढंच, की गाणंवाल्या बाई त्या दिवसांत शिष्यांची तयारी करून घेत दुपारपासून रात्रीपर्यंत बाहेर असत. तेव्हा मी त्याला नशीब म्हणत नव्हतो.

बारा दिवसांनी जिन्यात आवाज चढला. गाणंवाल्या बाईंचा आवाज चढला की तो तीन मजले चढतो. समोर होते मास्तर, जिन्याखाली ज्यांचं शिवणकामाचं दुकान आहे ते.

"मास्तर, माझा गाऊन? रविवारनंतर कार्यक्रम आहे माझा!"

"कुठला गाऊन, बाई? तुम्ही ठेवलाच नव्हता. मला वाटलं तुमचा विचार बदलला."

"ठेवला नव्हता? बाराच्या ठोक्याला दाराबाहेर ठेवून मी क्लासला गेले!"

"मी साडेबाराला वर आलो. तिथे कुंडी होती. कुंडीत झाड होतं. बाकी काही नव्हतं." मास्तरांनी बोटांवर मोजून पाहिलं. "मावशी जिना झाडत होती तेवढी."

मास्तर सरळ माणूस. त्यांनी फक्त त्या वेळी जिन्यात जे जे होतं ते सांगितलं; कुंडी, झाड आणि मावशी. पण खाली दोन दारं उघडली होती, आणि त्या दारांनी यादीतलं शेवटचं नाव तेवढं उचललं.

"काही मोठं काम नव्हतं हो," बाई आवाज उतरवून म्हणाल्या. "बटण तुटलं होतं. डाळिंबी गाऊन. दर वर्षी घालते तो."

मी दाराच्या आतल्या बाजूला खुर्चीत होतो. सत्ताविसावी फेरी चालू होती. मांडीवर चौदा फेऱ्यांचा डाळिंबी पट्टा पसरला होता आणि त्याच्या बरोबर मधे चार पांढऱ्या फेऱ्या, डोळ्यातल्या बुबुळासारख्या, फक्त उलट, बुबुळच पांढरं; असा तो गालिचा माझ्याकडे पाहत होता.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिने आधी गालिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे.

"जा. सांगा."

"काय?"

"जे आहे ते."

"बाई बटण म्हणाल्या. आपल्या चिठ्ठीत बटणाचा उल्लेख नाही."

"अहो!"

"हा गाऊन वेगळा असू शकतो."

"हो ना. डाळिंबी गाऊन काय, दर मजल्याला एकेक वाटलाय."

मी म्हणालो, चहा घेऊन जातो. चहा झाला. मग म्हटलं, उन्हं उतरू देत. मग वाटलं, बाई रागात आहेत, राग उतरू दे. उन्हं उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी वर आले. ते प्रत्येक वाक्याची सुरुवात "तर मुद्दा असा" अशी करतात, पण मुद्दा सहसा तिसऱ्या वाक्यात येतो.

"तर मुद्दा असा. मावशी सतरा वर्षं इमारतीचे जिने झाडते. कधी टाचणी हलली नाही. पण गाऊन काय पायाने गेला नाही. लोक म्हणतात, झाडणारी बदला. मी म्हटलं, असं नाही चालणार, आपण न्यायाने वागणारी माणसं. रीतसर चौकशी होऊ दे. रविवारी हॉलमध्ये सगळे जमू, अहवाल ऐकू, मग ठरवू तिचं काय करायचं. आणि इमारतीत निःपक्षपाती माणूस एकच आहे."

तो कोण, हे बघायला मी मागे वळलो. मागे बायको होती. ती माझ्याकडे बघत होती.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यातून "बरं" आलं.

सेक्रेटरी गेल्यावर बायकोने कप बशीत ठेवला. त्या आवाजात जे होतं ते लिहून काढायचं तर दोन पानं लागतील. ती एवढंच म्हणाली, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते आज घरबसल्या बघितलं."

किल्ल्यांवरून सांगायला हवं. मावशीच्या कमरेला एक कडं असायचं आणि त्यात इमारतीतल्या नऊ घरांच्या किल्ल्या. कुणी गावाला गेलं की झाडांना पाणी घालायची, कुणाची खिडकी पावसात उघडी राहिली की लावून यायची. ती जिना चढायला लागली की आधी किल्ल्या ऐकू यायच्या, मग झाडू. त्या आठवड्यात आवाज बारीक होत गेला. सोमवारी पहिल्या मजल्याने "जरा दुसरी करून घ्यायचीय" म्हणून आपली परत घेतली. मंगळवारी दोन गेल्या. कुणी चोर म्हणालं नाही. सगळे फार सभ्यपणे बोलले. गुरुवारपर्यंत कड्यात एकच किल्ली राहिली, आणि एक किल्ली कशावर वाजणार?

ती आमची होती.

मी चौकशी सुरू केली. आधी मास्तरांना बोलावलं, कारण ते सोपे होते. वही उघडून तारीख घातली, रेघ मारली. एखाद्या लबाडाला आपली लबाडी नीट मांडायला स्वच्छ वही लागते.

"गाऊन कशासाठी द्यायचा होता?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. "साहेब, तुमच्यातच ठेवा. बटणबिटण काही नव्हतं. बाईंनी मला बजावून सांगितलं होतं, कुणाला कळता कामा नये. या वर्षी तो त्यांना होईना. शिवणी उसवून दोन्ही बाजूंनी मोठा करायचा होता. आमच्या भाषेत उसवून मोठं करणं म्हणतात त्याला. म्हणून तर बोचकं गुपचूप ठेवायचं ठरलं, नाव न घालता."

"असं," मी म्हणालो.

"तुम्ही घामाघूम झालात. खिडकी उघडू?"

मी वहीत लिहिलं: खिडकी उघडली. माझा शेवटचा आधार त्या खिडकीतून गेला. तीन दिवस मी बटणाला लोंबकळत होतो.

मास्तरांच्या पाठोपाठ लगेच उठून समोरचं दार वाजवलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मी उठलोही. दारापर्यंत गेलो. बाई आत गात होत्या, एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी वर. मध्येच कसं थांबवायचं, असा विचार माझ्या मनात आला. इतका शिष्टाचार मला आयुष्यात कधी सुचला नव्हता.

मग मावशी.

ती आत आली आणि उंबरठ्याशीच उभी राहिली. मी म्हणालो, "मावशी, बसा."

"नको. पाय ओले आहेत. विचारा."

"त्या दिवशी बारा ते साडेबारा तुम्ही कुठे होतात?"

"दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या जिन्यात."

"काही पाहिलंत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रोखून नाही. दुकानात आपण वजन होताना काट्याकडे बघतो तसं, आता कुठे थांबतोय ते बघत.

"तुम्ही विचारताय, साहेब?"

"हो. मीच."

"मग लिहा, काही नाही."

मी लिहिलं, काही नाही. पेन व्यवस्थित चालत होतं. तेवढ्यात तिची नजर खुर्चीखाली गुंडाळून ठेवलेल्या गालिच्याकडे गेली. मी तो उलटा गुंडाळला होता, पण क्रोशाला उलट बाजू फारशी नसते. ते वर्तुळाबद्दल मी आधी बोललो आहेच.

"कडा उचलतेय याची," ती म्हणाली. "वाटी होतेय."

मग तिने कमरेचं कडं सोडलं, त्यातून आमची किल्ली काढली आणि टेबलावर माझ्या वहीशेजारी ठेवली. "ही तुम्ही मागणार नाही, मला माहितीय. पण चौकशी तुमच्याकडे, आणि किल्ली माझ्याकडे. लोक तुम्हाला बोलतील. तुमच्यावर बोल नको."

दोन्ही बाजूंना दोनशे जणांनी खांद्याला खांदा लावला असता तरी माझ्याइतका घट्ट मुका खांब त्या गालिच्यात एकही नव्हता. किल्ली मी घेतली. घेतली म्हणजे परत केली नाही. कोर्टात याला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

ती गेल्यावर मी गालिचा जमिनीवर पसरला आणि खांब मोजले. सत्ताविसाव्या फेरीपासून पुढच्या सगळ्या फेऱ्यांत एकही खांब वाढलेला नव्हता. ज्या दिवशी जिन्यात तो आवाज चढला, त्या दिवसापासून मी नुसता गोल गोल फिरत होतो. कडा चांगली वीतभर उभी राहिली होती. उसवायला घेतलं. क्रोशाचं उसवणं शेवटाकडून सुरू होतं; ओढलं की कालचं आधी निघतं, परवाचं मग, आणि मुळातली चूक अगदी शेवटी. दोन फेऱ्या उसवल्या, पुन्हा विणायला बसलो. एकशे बारापर्यंत मोजत आलो की मला किल्ल्यांचा आवाज यायचा. जिन्यात किल्ल्या नव्हत्याच. मग पुन्हा एकपासून.

शनिवारी मी मावशीला आमची चांगली छत्री देऊ केली. तिने विचारलं, "पाऊस आहे का?" आकाश निरभ्र होतं. ती खाली गेली. छत्री माझ्याच हातात, उघडलेली.

मी दोन अहवाल लिहिले. एकात लिहिलं होतं, "उपलब्ध पुराव्यावरून कोणत्याही निष्कर्षाप्रत येता येत नाही." भाषा उत्तम होती. संशय तसाच ठेवून हात स्वच्छ धुणारी. दुसऱ्यात एकच ओळ होती आणि तीही खोडलेली.

रविवारी दुपारी जेवायला बसलो तर ताटाशेजारी ती डबी. आत सहा बटणं. बायको आठवडाभर या विषयावर एक शब्द बोलली नव्हती, आत्ताही नाही. ती पाण्याचे पेले भरत होती. जेवण झाल्यावर म्हणाली, "गालिचा खाली न्यायचाय ना? जड आहे. मी एक टोक धरते."

"गोलाला टोक नसतं."

"मग कुठूनही धरते," ती म्हणाली.

आम्ही तीन मजले उतरलो. ती पुढे, मी मागे. वाटेत तिने एकदाही विचारलं नाही की खिशात कुठला अहवाल आहे. खिशात अहवाल नव्हताच. चिठ्ठी होती.

हॉल भरला होता. भिंतीला लावून खुर्च्या मांडलेल्या, मधली जागा मोकळी. आम्ही गालिचा पसरला. मधला भाग छान बसला. कडा मात्र परातीसारखी उभी. सेक्रेटरींना ते शोभेचं वाटलं.

"वा! तर मुद्दा असा, अहवालाआधी गालिच्याचं स्वागत करू या. या, पाय लावा सगळ्यांनी." असं म्हणत ते स्वतः आत शिरले आणि परातीतल्या कणकेच्या गोळ्यासारखे मधोमध उभे राहिले. आणखी चारपाच जण आत आले. गाणंवाल्या बाईही आल्या. चपला कडेला काढून त्यांनी पाय नेमका डाळिंबी पट्ट्यावर ठेवला.

"मऊ आहे हो," त्या म्हणाल्या.

हॉलच्या दाराशी मावशी उभी होती, हातात बादली. सभा तिच्याबद्दल होती, पण हॉल पुसायचाही होताच.

मी घसा साफ केला. "मित्रहो," मी सुरुवात केली, "ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासली, त्याच्यावर एक दिवस असा येतो, की..." पुढचं वाक्य फार सुंदर होतं. मी ते जिन्यात तयार केलं होतं. पण समोर बाईंचे पाय होते, आणि त्या बोटांनी कापड चाचपून बघत होत्या, ओळखीचं काहीतरी लागल्यासारखं. ते वाक्य गिळलं.

"गाऊन मी घेतला," मी म्हणालो. "तो इथेच आहे. बाई, तुम्ही त्यावर उभ्या आहात."

बाई उडी मारून बाहेर आल्या. त्यांच्या पाठोपाठ बाकीचेही, जणू गालिच्याला आग लागली. आत फक्त सेक्रेटरी उरले.

"म्हणजे... चोरला?" पहिल्या मजल्याच्या खुर्च्यांतून आवाज आला.

"दाराबाहेर बोचकं होतं. मला वाटलं गालिच्यासाठी आहे. मी फाडलं."

"पण असं कसं वाटलं? चांगला धडधाकट गाऊन! त्याच्यावर काही लिहिलं नव्हतं?"

माझा हात खिशात होता. चिठ्ठी बोटांना लागत होती. ती बाहेर काढली असती तर सगळे हसले असते, आणि माझ्यावर नाही. निम्मं पाप हलकं झालं असतं. मास्तरांनी मान डोलावली असती, लोक म्हणाले असते, अहो, कुणाचीही चूक झाली असती, शब्दच तसे आहेत. बाईंनी माझ्या खिशाकडे पाहिलं. चिठ्ठी त्यांच्याच अक्षरातली होती आणि ती कुठे असेल हे त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा गाऊनच्या रंगाचा झाला.

"नाही," मी म्हणालो. "काही लिहिलं नव्हतं."

"मग विचारलंत का नाही?"

"नाही विचारलं. ही म्हणाली होती विचारा. नाही विचारलं."

"आणि त्या दिवशी जिन्यात आरडाओरडा झाला तेव्हा?"

"तेव्हा कळलं. तेव्हाही गप्प राहिलो."

"आणि चौकशी?"

"ती केली. माझीच."

मागे कुणीतरी हसलं आणि हसू मध्येच आवरलं. मला ते पूर्ण हसलेलं बरं वाटलं असतं. सेक्रेटरी परातीत उभ्या उभ्या म्हणाले, "तर मुद्दा..." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे मुद्दा नव्हता.

मी डबी पुढे केली. "बाई, बटणं मात्र शाबूत आहेत."

हे वाक्य आपण का बोललो, हा प्रश्न मला मरेपर्यंत पुरेल. बाईंनी डबी उघडली. बोटाने एकेक बटण बाजूला सारलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बटणाचंच काम होतं." आणि डबी पर्समध्ये टाकून चपला घालू लागल्या. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर तीन मजले गेले असते. त्यांनी ते राखून ठेवलं. कार्यक्रमाला त्या काय घालणार हे विचारायची माझी छाती झाली नाही.

लोक उठले. कुणी खुर्च्या सरकवत होतं, कुणी मावशीच्या जवळून जाताना खिशात हात घालून परत द्यायची किल्ली शोधत होतं आणि ती घरीच राहिली हे लक्षात आल्यावर उगीच "येतो हं" म्हणत होतं. मी गालिच्यावरूनच चालत तिच्याकडे निघालो. मधेच थांबलो, कारण तीच आत आली होती, बादली घेऊन.

"मावशी, मी..."

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही बोचकं उचललंत ते. जिन्यातून दिसतं ना."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर म्हणाले असते, स्वतःचं दुसऱ्यावर ढकलते." तिने फडकं बादलीत बुडवलं. "म्हटलं, साहेब आहेत, सांगतील. मग ऐकलं चौकशी तुमच्याकडेच आहे. म्हटलं, आता तर सांगतीलच."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. आज पाणी उशिरा आलं, असं सांगावं तसं सांगितलं. मला तिच्याकडे बघवेना. मी खाली पाहिलं. खाली पांढरं बुबुळ होतं. वर्तुळाला कोपरा नसतो याची गैरसोय मला त्या क्षणी जेवढी कळली तेवढी आधी कधी कळली नव्हती.

मी खिशातून आमची किल्ली काढली आणि तळहातावर धरून तिच्यापुढे केली. क्षमेचे मोठमोठे शब्द माझ्या घशाशी रांग लावून उभे होते. सतरा वर्षं, विश्वास, माणुसकी, सगळे. हॉलमध्ये आता तिघेच होतो. बायको दाराशी थांबली होती. मावशीच्या एका हातात बादली होती, दुसऱ्यात निथळतं फडकं. तिने किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"साहेब," ती म्हणाली, "हे पायाखालचं जरा उचलता का? फरशी पुसायची राहिलीय."